चौतीस ग्रीन आणि एक तळे

कुस्तीच्या फडात उतरत्या वयाच्या मल्लाचे काय होते, हे आपल्या मुलखात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्या नुसत्या शड्डूने कालपर्यंत समोरच्याचे अर्धे अवसान गळत असे, तोच एखाद्या जत्रेत विशीतल्या पोराच्या घिश्श्यावर आस्मान पाहतो आणि पाठीला लागलेली तांबडी माती निकालाचा दाखला म्हणून घेऊन घरी जातो. गोल्फच्या खेळात अशी सोय नाही. तेथे प्रतिस्पर्धी अंगाला हात लावीत नाही, चेंडूही कोणी आपल्याकडे फेकीत नाही. तो गवतावर निश्चल पडलेला असतो. तेव्हा या खेळातला थोर पुरुष थकला हे ओळखायचे कशावरून, आणि त्याला हरवतो तो नेमका कोण, या प्रश्नाचे जितके स्वच्छ उत्तर १८ जून १९६० या शनिवारी अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळच्या चेरी हिल्स मैदानावर मिळाले, तितके अन्यत्र क्वचितच मिळाले असेल.

आपल्याकडे हा खेळ साहेबाबरोबर आला आणि बराच काळ छावण्यांच्या कुंपणाआडच राहिला, म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगणे भाग आहे. मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होल किती टोल्यांत संपवावा याचा आकडा मुक्रर केलेला असतो. त्याला पार म्हणतात. या आकड्यातले शेवटचे दोन टोले, खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, पटर नावाच्या काठीने चेंडू सरपटत नेण्यासाठी राखलेले असतात. अमेरिकन ओपन ही अशा चार फेऱ्यांची स्पर्धा, आणि १९६४ पर्यंतचा शिरस्ता असा की शेवटच्या दोन फेऱ्या एकाच शनिवारी, सकाळी एक आणि दुपारी एक, पायी चालत पुऱ्या करायच्या.

त्या शनिवारी बेन होगनचे वय सत्तेचाळीस होते. टेक्सासमधल्या दारिद्र्यात वाढलेल्या, वडिलांनी आत्महत्या केल्यावर पोरवयातच कॅडी होऊन दुसऱ्यांच्या काठ्या खांद्यावर वाहिलेल्या या अबोल माणसाने चार वेळा अमेरिकन ओपन जिंकली होती. आणि त्यांपैकी तीन, १९४९ च्या फेब्रुवारीत समोरून आलेल्या एका बसने त्याच्या मोटारीचा चुराडा केल्यानंतर जिंकल्या होत्या. त्या क्षणी तो शेजारी बसलेल्या पत्नीच्या अंगावर आडवा झाला, म्हणून दोघेही वाचले. पण पायांतले रक्ताभिसरण कायमचे बिघडले. पुढे खेळायचे झाले की सकाळी गरम पाण्यात पाय शेकायचे, पट्ट्या गुंडाळायच्या आणि मग बाहेर पडायचे, असा त्याचा नित्यक्रम होऊन बसला. १९५३ मध्ये याच पायांवर त्याने एका वर्षात मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि ब्रिटिश ओपन अशा तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

पण ऱ्हास पायांतून आला नाही. लांबचे टोले १९६० सालीही तसेच निर्दोष होते. थकला होता तो पटर. सहा-सात फुटांवरून चेंडू खळग्यात सारायचा, जे काम आपल्या घरचे मूलही करू धजेल, तेथे होगन वाकून उभा राही आणि काठी मागे नेताच येत नसे. पाहणाऱ्यांनाच अवघडल्यासारखे होई. वार्धक्य सर्वांत जड कामापाशी आधी पोचते अशी आपली समजूत असते. येथे ते सर्वांत हलक्या कामापाशी येऊन बसले होते.

त्या दिवशी त्याच्या जोडीला दिला होता ओहायोतल्या एका औषधविक्रेत्याचा वीस वर्षांचा मुलगा. जॅक निक्लॉस अजून हौशी खेळाडूच होता, गुबगुबीत अंगाचा, केस बारीक कापलेला, आणि चेंडू विलक्षण दूर मारणारा. दुपारच्या फेरीत तेरावा होल आला तेव्हा हा मुलगा चक्क आघाडीवर होता. त्याचा चेंडू खळग्यापासून दीड फुटावर थांबला आणि वाटेत दुसऱ्या कोणाच्या चेंडूने पाडलेला लहानसा खड्डा होता. असा खड्डा बुजवण्याची मुभा नियमाने दिलेली होती; पण मुलाला ते खात्रीने ठाऊक नव्हते आणि शेजारी उभ्या असलेल्या होगनला विचारण्याची त्याला लाज वाटली. चेंडू त्या खड्ड्यात अडखळून वळला आणि टोला वाया गेला. आपल्याकडे पट्टशिष्याला वस्तादापुढे शंका काढायला जो संकोच होतो, तो मला येथे पुरता ओळखीचा वाटतो.

इकडे होगनने सकाळपासून चौतीस होलांवर, एकही न चुकता, नेमल्या टोल्यांत ग्रीन गाठली होती. इतके बिनचूक खेळूनही तो पुढे निघून गेला नव्हता, याचे कारण एकच: प्रत्येक ग्रीनवर कमावलेले त्याच ग्रीनवर खर्ची पडत होते.

सतरावा होल पाच टोल्यांचा, आणि त्याच्या ग्रीनला पाण्याचा वेढा. मागून येणारा दुसरा एक दावेदार, अर्नोल्ड पामर, आणि होगन त्या वेळी बरोबरीत होते. होगनचा दुसरा टोला पाण्याच्या अलीकडे बेताने थांबला होता; आता साधारण पन्नास यार्डांचा एक उंच, हलका टोला मारायचा होता. ग्रीनच्या मध्यावर तो आरामात पोचला असता. पण मध्यावरून खळगा दूर, म्हणजे पटर लांबून चालवावा लागणार. माझा तर्क असा की खरा निर्णय या विचाराने केला. त्याने खळग्याच्या अगदी जवळ, म्हणजे पाण्याच्याही अगदी जवळ, चेंडू टाकला. चेंडू पलीकडच्या काठावर पडला, उलट फिरला आणि उतारावरून तळ्यात गेला. होगनने एका पायातला बूट आणि मोजा काढला, विजार वर गुंडाळली, एक पाय पाण्यात रोवून चिखलपाण्यासकट चेंडू बाहेर काढला. पण पटर अपेक्षेप्रमाणे चुकला आणि सहा टोले झाले. अठराव्यावर, आता गमावण्यासारखे काही उरले नाही अशा जोराने मारलेला चेंडू पुन्हा पाण्यात गेला. स्पर्धा संपली तेव्हा तो नवव्या क्रमांकाच्या बरोबरीत होता.

जिंकला तो पामर, वय तीस. शेवटच्या फेरीपूर्वी तो सात टोल्यांनी मागे होता. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत, ३४६ यार्डांच्या पहिल्या होलवर एकाच टोल्यात ग्रीन गाठण्याचा त्याचा हट्ट साधला नव्हता. चौथ्या खेपेस त्याने तोच हट्ट पुन्हा धरला आणि या वेळी चेंडू ग्रीनवर पोचला. फेरी ६५ टोल्यांत संपली, एकूण २८०. निक्लॉस २८२ वर दुसरा आला. खेळ संपल्यावर होगनने जे सांगितले त्याचा आशय असा होता, की ज्या पोराबरोबर मी आज छत्तीस होल खेळलो, त्याने ही स्पर्धा दहा टोल्यांनी जिंकायला हवी होती.

म्हाताऱ्याचा अंदाज चुकला नाही. दोनच वर्षांनी ओकमाँट येथे, पामरच्या घरापासून जवळच, त्याच्याच लोकांच्या हुर्योत निक्लॉसने बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या जादा फेरीत पामरला ७१ विरुद्ध ७४ असे हरवले. त्या आठवड्यात पामरला दगा दिला तोही पटरनेच. चौतिसाव्या वर्षी, १९६४ साली, पामरने आपली शेवटची मोठी स्पर्धा जिंकली, आणि निक्लॉसच्या खात्यावर पुढे अशा अठरा स्पर्धा जमा झाल्या.

होगनच्या मनातून तो सतरावा होल कधीच गेला नाही. वीसेक वर्षांनंतरही त्या टोल्याच्या आठवणीने रात्री जाग येते, असे त्याने एका मुलाखतीत कबूल केले. मात्र त्याआधी, १९६७ च्या मास्टर्समध्ये, चोपन्नाव्या वर्षी, तिसऱ्या फेरीच्या उत्तरार्धातले नऊ होल त्याने तीस टोल्यांत संपवले. दुखऱ्या पायांनी चढ चढून तो प्रत्येक ग्रीनवर येई, तेव्हा भोवतालची गर्दी उभी राहून टाळ्या वाजवी, आणि त्या संध्याकाळी पटरही बरोबर होता. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या फेरीत, त्याला ७७ टोले लागले.