टिप: बक्षीस की मजुरी?

टोरंटोत आइस हॉकीची तिकिटे महाग. म्हणून मेपल लीफ्सचे कॅनडातले चाहते सेबर्सविरुद्धचा सामना पाहायला सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या बफेलोत जातात. त्यांचा आरडाओरडा, कुणाची नशेतली दांडगाई सगळ्या गावाला दिसते. जेवून उठताना टिप किती ठेवली, हे मात्र वाढप्यालाच ठाऊक. त्यांच्या ओंटारियो प्रांतात २०२२ पासून दारू वाढणाऱ्यांनाही पूर्ण किमान वेतन मिळते. बफेलो न्यूयॉर्क राज्यात. तिथे मालक वाढप्याला किमान वेतनाहून कमी रोख पगार देऊ शकतो, उरलेली भर टिपमधून निघते. म्हणजे ती मजुरीच, हक्कुल-इबादचा मामला! आपल्याकडे टिप म्हणजे बक्षीस, खुशीचा सौदा. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे वर्गात शिकवणारे आम्हीही तिथे चार नाणी ठेवून उठलो असतो.