एकच राजा, तीन धातू

आजीच्या ट्रंकेत इंग्रजी राजाचं डोकं असलेला रुपया सापडला, की तो चांदीचा ठरवायला घरात कुणी वेळ लावत नाही. सहाव्या जॉर्जच्या बाबतीत हा भरवसा हमखास फसतो. १९३८ आणि १९३९ साल असलेल्या त्याच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे. युद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. १९४७च्या रुपयावर राजा तोच, मागे वाघ, आणि चांदी शून्य! तो नुसत्या निकेलचा आहे. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. ती नाण्यांत अडकवून ठेवणं सरकारला परवडणारं नव्हतं. म्हणून चेहऱ्याआधी साल वाचावं.

‘तोळाभर भरला म्हणजे चांदीचा’ हाही असाच एक समज. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, हे खरं. पण वाघाचा निकेल रुपयाही तेवढाच भरतो. फरक आकारात आहे: चांदीचा रुपया सुमारे साडेतीस मिलिमीटर रुंद, निकेलचा २८.

चुंबकावर लोकांचा विश्वास फार. निकेलचा रुपया त्याला चटकन चिकटतो, तेवढं काम तो चोख करतो. न चिकटणारं नाणं मात्र चांदीचंच असेल असं नाही. पितळ, शिसं, तांबं-निकेलची मिश्रणं, यांतलं काहीच चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरही नाही, आणि त्यात तर चांदी फक्त नावापुरती असते. दहा रुपयांची स्मारक नाणी घ्या. १९६९च्या गांधी शताब्दीच्या नाण्यात ८० टक्के चांदी आहे, १९७४च्या नाण्यात अजिबात नाही. चुंबकाला दोन्ही सारखीच.

कडेला तांब्याची रेघ शोधायची युक्ती अमेरिकेतली. तिथल्या पाव डॉलरमध्ये १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी होती. १९६५ पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे पत्रे आले, म्हणून कड लालसर दिसते. निकेलचा रुपया आरपार एकाच धातूचा. त्याच्या कडेला काय दिसणार?

घरी विश्वासाने करता येते ती घनतेची परीक्षा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवायचं, तळाला टेकू न देता. राणीछाप रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो, तांबं-निकेलचं तेवढ्याच वजनाचं नाणं १.३१. झिजलेल्या नाण्यासाठी कोरड्या वजनाला या आकड्याने भागावं; उत्तर १०.३च्या जवळ यायला हवं.

काळं पडलेलं नाणं खोटं, ही भीतीही निराधार. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडतेच. अर्थात चांदीचा मुलामाही तसाच काळवंडतो, त्यामुळे काळेपणा खरेपणाचा पुरावाही नव्हे. टूथपेस्टने ते घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र आवरावा. सराफ वितळवण्याच्या हिशेबाने तेवढाच भाव देईल, पण ओरखडे पडलेल्या नाण्याला संग्राहक हमखास कमी पैसे देतो.