सहा व्होल्ट वाहनविद्युत प्रणाली

सहा व्होल्ट वाहनविद्युत प्रणाली ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक मोटारगाड्यांत वापरली जाणारी एकदिश विद्युत प्रणाली होय. शिसे-आम्ल बॅटरीच्या प्रत्येक घटाचा विद्युतदाब सुमारे २ व्होल्ट असतो. त्यामुळे या प्रणालीच्या बॅटरीत तीन, तर १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात.

इतिहास

अधिक संपीडन गुणोत्तराच्या इंजिनांना जोरकस स्टार्टर आणि प्रबळ ठिणगी आवश्यक ठरल्याने १९५०च्या दशकात अमेरिकी उत्पादक १२ व्होल्टकडे वळले. फोर्डने हा बदल १९५६च्या प्रतिमानांत केला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवागन बीटलमध्ये तो १९६७च्या प्रतिमानापासून झाला.

विद्युतदाबातील घट

विद्युतशक्ती ही दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार असते. ६० वॉटच्या उपकरणाला १२ व्होल्टवर ५ अँपिअर, तर ६ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह लागतो. तारेचा रोध ०.०५ ओहम असल्यास पहिल्या मंडलात ०.२५ व्होल्ट, म्हणजे सुमारे २ टक्के, आणि दुसऱ्यात ०.५ व्होल्ट, म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक दाब वाया जातो. दाब १० टक्क्यांनी घटल्यास तंतुदिव्याचा प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी मंदावतो. जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते असण्यामागे अनेकदा गंजलेले जोड कारणीभूत असतात.

डायनामोची मर्यादा

१९६०च्या दशकातील सहा व्होल्टच्या बीटलचा डायनामो जास्तीत जास्त ३० अँपिअर, म्हणजे सुमारे १८० वॉट शक्ती देई. ४५ वॉटचे दोन पुढील दिवे त्यांतील निम्मी शक्ती घेत. उरलेल्या शक्तीवर प्रज्वलन, मागील दिवे, वायपर आणि बॅटरीचे प्रभारण अवलंबून असे. इंजिन मंद गतीने फिरत असताना डायनामोची निर्मिती फारच कमी असते व भार बॅटरीवर पडतो. म्हणून नवे उपकरण जोडण्यापूर्वी एकूण भाराची बेरीज करणे आवश्यक ठरते.

उपाय

जाड तारा, स्वच्छ भूजोड आणि रिले यांमुळे दाबातील घट कमी होते. एलईडी दिव्यांमुळे मूळ भारच घटतो.

१२ व्होल्टच्या उपकरणांसाठी दाब वाढवणारा परिवर्तक वापरता येतो. मात्र तो नवी शक्ती निर्माण करत नाही. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या परिवर्तकातून ६० वॉट मिळवण्यासाठी ६ व्होल्टच्या बाजूने सुमारे १२ अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे हा उपाय रेडिओसारख्या अल्पभाराच्या उपकरणांपुरताच व्यवहार्य आहे.

संपूर्ण प्रणाली १२ व्होल्टची करताना बॅटरी, डायनामो, नियामक, दिवे आणि प्रज्वलन कॉइल बदलावी लागते. मूळ तारा जाड असल्याने सुस्थितीत असल्यास त्या चालू शकतात.

सुरक्षितता

१९५६ पूर्वीच्या फोर्डसह काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. ऋण टोक आवरणाशी जोडलेले आधुनिक उपकरण अशा गाडीच्या सांगाड्यास टेकल्यास लघुमंडल होऊन तारा पेटू शकतात. त्यामुळे उपकरण सांगाड्यापासून विलग ठेवणे आणि प्रत्येक नव्या मंडलात बॅटरीजवळ फ्यूज बसवणे आवश्यक असते.