घटक ४ : ‘कार्ड दिसत नाही’ – तांत्रिक अडचणीचा शोध आणि तिचे मराठीतील निवेदन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• संगणक ग्राफिक्स कार्ड ‘ओळखतो’ म्हणजे नेमके काय करतो, हे सांगता येईल.
• कार्ड न ओळखले जाण्याची कारणे क्रमाने तपासता येतील.
• अशा अडचणीचे नेमके निवेदन मराठीत लिहिता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास अर्ज आणि इतिवृत्त यांवर संपत नाही. यंत्राशी संबंधित अडचण शब्दांत मांडणे हाही भाषिक व्यवहारच आहे, आणि त्यात शब्द चुकला तर पैसा जातो.

समजा, आपण वालूर येथे राहता. घरच्या संगणकावर मराठी टंकलेखनाची व लग्नपत्रिकांच्या मांडणीची कामे करून शिक्षणाचा खर्च भागवता. जुने ग्राफिक्स कार्ड विकत घेऊन बसवले. पण संगणक ते दाखवत नाही. यंत्र उचलून सेलूला किंवा परभणीला न्यायचे, तर एक दिवस मोडतो. तेथे आपण ‘कार्ड खराब झाले आहे’ असे सांगितले, तर दुरुस्ती करणारा ते वाक्य खरे धरून नवे कार्ड सुचवण्याची शक्यता असते. वास्तविक ‘खराब झाले आहे’ हा निष्कर्ष आहे. ‘दिसत नाही’ हे निरीक्षण आहे. या दोहोंतील अंतर काही हजार रुपयांचे असू शकते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘दिसत नाही’ – पण कोणाला?

मराठीत ‘दिसणे’ या क्रियापदाबरोबर अनुभव घेणारा चतुर्थीच्या रूपात येतो : ‘मला डोंगर दिसतो.’ बोलताना हा ‘मला’ आपण सहज गाळतो. ‘कार्ड दिसत नाही’ या वाक्यातही तो गळालेला आहे. तो परत भरला की एका तक्रारीच्या तीन वेगळ्या तक्रारी होतात :

१) मला पडद्यावर चित्र दिसत नाही.
२) संगणकाच्या मूळ प्रणालीला, म्हणजे बायोसला, कार्ड दिसत नाही.
३) बायोसला कार्ड दिसते, विंडोजला ते वापरता येत नाही.

पहिल्या तक्रारीचे कारण पुष्कळदा वायरीत, दुसऱ्याचे जोडणीत किंवा वीजपुरवठ्यात, तर तिसऱ्याचे ड्रायव्हर या आज्ञावलीत सापडते.

४.२.२ ओळख कशी पटते?

संगणक सुरू होताना मूळ प्रणाली प्रत्येक जोडखाचेची चौकशी करते. तेथील उपकरण उत्तरादाखल आपल्या उत्पादकाचा आणि प्रकाराचा क्रमांक कळवते. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६, तर एनव्हिडियाचा १०डीई असा आहे. उत्तर आलेच नाही, तर खाच रिकामी समजली जाते. याचा अर्थ, कार्डाचा पंखा फिरतो म्हणून कार्ड ओळखले गेले, असे म्हणता येत नाही. पंख्याला वीज पुरते; ओळखीसाठी उत्तर पोहोचावे लागते.

ओळख पटल्यानंतरही संवादासाठी ड्रायव्हर लागतो. नाव कळले, पण भाषा कळली नाही, अशी ही अवस्था असते.

४.२.३ तपासणीचा क्रम

वालूरच्या प्रसिद्ध बारवेत पाण्यापर्यंत जायचे तर पायऱ्यांनीच उतरावे लागते. येथेही सोप्या आणि बिनखर्चाच्या पायरीपासून आरंभ करावा. पुढील क्रम टेबलावरील संगणकासाठी आहे.

पायरी १ : पडद्याची वायर. ती मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्या खोबणीत लावलेली असावी. कार्ड बसवल्यावर वायर जुन्याच जागी राहून जाणे, ही नेहमीची चूक आहे.

पायरी २ : कार्डाची बैठक. संगणक बंद करून मुख्य वायर काढावी. सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. खाचेच्या टोकाची खिट्टी सोडवून कार्ड सरळ वर काढावे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ पेटीत साचते. ती मऊ ब्रशने झाडावी. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसाव्यात व पूर्ण वाळू द्याव्यात. मग खिट्टी बसेपर्यंत कार्ड सम दाब देऊन बसवावे आणि स्क्रू लावावा.

पायरी ३ : वीजपुरवठा. पीसीआय एक्स्प्रेसची मोठी खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डावर वेगळी जोडणी असते : सहा टोकांची जोडणी आणखी ७५ वॅट, तर आठ टोकांची १५० वॅट पुरवते. ही वायर लावलेली नसेल, तर कार्ड चालणार नाही. प्रोसेसरसाठीची आठ टोकांची वायर दिसायला सारखी असली, तरी ती येथे बळेच बसवू नये.

पायरी ४ : बायोस. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायोस उघडता येते. कळ यंत्रानुसार बदलते. पहिले चित्र कोठून दाखवायचे, ही निवड तेथे अंगभूत ग्राफिक्सवर असेल, तर ती कार्डावर आणावी.

पायरी ५ : ड्रायव्हर. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असे नाव असेल, तर योग्य ड्रायव्हर बसलेला नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. कोड ४३ मागे सदोष ड्रायव्हर असू शकतो किंवा सदोष कार्डही. ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

पायरी ६ : अदलाबदल. ध्वनिविचारात आपण लघुतम युग्म अभ्यासले आहे. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत एकच ध्वनी बदलतो, म्हणून अर्थभेदाचे कारण त्या ध्वनीत आहे, असे ठामपणे म्हणता येते. तोच न्याय येथे लावावा. आपले कार्ड परिचिताच्या संगणकात चालले, तर दोष कार्डात नाही. पुरेसा वीजपुरवठा असलेल्या दुसऱ्या संगणकातही ते ओळखले गेले नाही, तरच कार्डावर संशय घेणे योग्य. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कारण हातून निसटते.

४.२.४ निवेदनाचा नमुना

‘कार्ड खराब आहे, बघा’ याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘पडद्याची वायर कार्डालाच जोडलेली आहे. कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवले. सहा टोकांची वीजजोडणी लावली आहे, पंखा फिरतो. पडदा कोराच राहतो. मदरबोर्डला वायर जोडल्यास चित्र येते. मात्र बायोसमध्ये कार्डाचे नाव नाही. हेच कार्ड दुसऱ्या संगणकात चालते.’

या निवेदनात निष्कर्ष एकही नाही. आहेत त्या केलेल्या कृती आणि दिसलेले परिणाम. ते वाचणाऱ्याला नवे कार्ड सुचवणे अवघड जाते, कारण त्याचे लक्ष आपोआप खाच आणि वीजपुरवठा यांकडे वळते.

४.३ सारांश

‘ओळखत नाही’ या तक्रारीत अनुभव घेणारा कोण, हे आधी ठरवावे. वायर, बैठक, वीज, बायोस, ड्रायव्हर आणि अदलाबदल या क्रमाने शोध घ्यावा. निरीक्षण आणि निष्कर्ष यांची गल्लत टाळावी. नेमकी भाषा वापरणाऱ्याला तंत्रज्ञ होण्याची गरज नसते. मात्र त्याला सहसा फसवता येत नाही.

४.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१) ‘कार्ड दिसत नाही’ या वाक्यातील गाळलेले पद भरून तीन वाक्ये लिहा व प्रत्येकाची संभाव्य कारणे सांगा.
२) अदलाबदलीची चाचणी आणि लघुतम युग्म यांतील साम्य स्पष्ट करा.
३) आपल्या घरातील पाण्याची मोटर सुरू होत नाही, असे समजून दुरुस्ती करणाऱ्यासाठी ८० शब्दांत निवेदन लिहा. त्यात निष्कर्ष सांगणारे एकही वाक्य नसावे.