पहिले पुस्तक आणि न वाचता येणारा कागद

मराठी आत्मचरित्रे वाचायची सवय लागली की एक गोष्ट हळूहळू खुपू लागते. अक्षरओळखीची आठवण जवळपास प्रत्येकाकडे असते आणि तिचा थाटही ठरलेला असतो: पंतोजी, धूळपाटी, छडी, संध्याकाळचा परवचा, आणि पुढे सरकारी शाळेत हातात पडलेले छापील पहिले पुस्तक. १८१४ साली जन्मलेल्या दादोबा पांडुरंगांनी पंतोजीच्या शाळेबद्दल लिहिले. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांनी नवऱ्याने घरातच सुरू केलेल्या शिक्षणाबद्दल लिहिले. पण या सगळ्या आठवणी ज्यांना वाचन लाभले त्यांच्या आहेत. पहिले पुस्तक शिकूनही घरात आलेला कागद ज्याला वाचता आला नाही, त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याची साक्ष शोधायची तर दंगलीच्या चौकशीत आणि कायद्याच्या कलमांतच शोधावी लागते. ती शोधल्यावर माझे मत असे झाले की एकोणिसाव्या शतकातल्या मराठी क्रमिक पुस्तकांनी मुलांना वाचायला शिकवले हे खरे, पण ज्या लिपीत त्यांचे व्यवहार चालत त्या लिपीत नव्हे.

त्या काळी मराठी मुलासमोर दोन लिप्या होत्या. पोथ्या बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि दप्तर मोडीत, ही वाटणी इंग्रजांच्या आधीपासूनची. पंतोजीच्या शाळेचा भर मोडीवर आणि हिशेबावर असे. धुळीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे, मग बोरूने कित्ता, मग पत्रांचे मायने आणि उजळणी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. त्या शाळेत छापील पुस्तक नव्हते आणि गोष्टी वाचण्याचा आनंद तर नव्हताच. चार वर्षे मार खाऊन पोरगा बाहेर पडे तेव्हा त्याला वाण्याची वही उलगडत असे. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती बहुतेक गावांत ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच होती आणि तिथली शिक्षा हा आजच्या भाषेत फौजदारी गुन्हाच. मुद्दा इतकाच की तिथे शिकवले जाणारे वाचन आणि बाहेर लागणारे वाचन एकच होते.

छापखाना आल्यावर हे बदलले. त्याचे खापर एकट्या मुंबई सरकारवर फोडायचे तर तंजावर आडवे येते. सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावळी’ १८०६ साली छापले गेले ते देवनागरीत, आणि त्याच राजवाड्याचे कागद मात्र मोडीतच लिहिले जात होते. मुलांच्या पुस्तकाला पोथीचे अक्षर आणि कारभाराला मोडी, हे तिथे कोणा साहेबाने ठरवले नव्हते. मुंबईत १८२२ साली सुरू झालेल्या शाळापुस्तक मंडळीने तीच वाट धरली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. मधल्या मंडळ्या, बोर्डे आणि नामांतरे सोडून देऊ. १८५५ साली शिक्षणखाते निघाले आणि पुढच्या काळात क्रमिक पुस्तकांच्या मजकुरावर ज्याची नजर सर्वांत कडक राहिली तो माणूस म्हणजे मेजर टॉमस कँडी.

कँडीचे नाव आज कोशामुळे टिकून आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात तो आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज हाताशी होते, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ आणि कँडी अशा जोडनावाने ओळखला जातो. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्याच्याकडे होती आणि पुढे तो सरकारचा मराठी भाषांतरकार झाला. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांसारखे पंडित त्याच्याबरोबर काम करीत. छापायला जाणारे मराठी त्याच्या हाताखालून जाई. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले. तोवर मराठीत एक दंड आणि दोन दंड यापलीकडे फारसे काही नव्हते. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही सारी मंडळी त्याने इंग्रजीतून आणून मराठी वाक्यात बसवली आणि शाळेच्या पुस्तकांतून ती पोरापोरांच्या डोळ्यांत बसली. आज आपण विनातक्रार वापरतो ती ही चिन्हे एका लष्करी अधिकाऱ्याची देणगी आहे. मला तो माणूस आवडतो. परक्या भाषेतल्या वाक्यात थांबायचे कुठे, या प्रश्नापायी आयुष्य वेचणारे लोक कुठल्याही काळात थोडेच.

पण कँडीच्या पानाशेजारी त्याच काळातला एखादा कर्जरोखा ठेवून पाहावा. कँडीच्या पानावर प्रत्येक शब्द सुटा, ह्रस्वदीर्घ वेगळे, वाक्य कुठे संपले ते चिन्हाने सांगितलेले. कर्जरोख्यावर आधी पानभर आडवी रेघ ओढलेली, तिला अक्षरे लटकवत हात न उचलता लिहीत गेलेले, शब्दाशब्दांत जागा नाही, इकार-उकारांत ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, विरामाचे तर नावच नाही. शिवाय प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. पहिले पुस्तक जितके स्वच्छ आणि सोपे होत गेले तितके ते या कागदापासून दूर गेले. त्या पुस्तकावर तयार झालेल्या मुलाला हा कागद वाचायला शब्द तोडण्याचे जे कौशल्य लागते, त्याची गरजच पुस्तकाने उरू दिली नव्हती. फरक केवळ अक्षरांच्या आकाराचा असता तर आठ दिवसांत भरून निघाला असता. वाचनाची रीतच निराळी होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो छपाईचा: मोडी छापता येत नव्हती, मग दुसरे काय करणार? हे टिकत नाही. विल्यम कॅरीचे १८०५ चे व्याकरण देवनागरीत निघाले, पण त्याचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला मोडी खिळ्यांनीच छापला गेला. शिळाछापावर तर हाताने लिहिलेले जसेच्या तसे उतरते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग शिळाछापावर काढले तेव्हा हे तंत्र मुंबईत चांगले रुळत होते. मोडी पुस्तके छापायचे ठरवले असते तर छापता येत होती, आणि काही छापली गेलीही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी शाळांत मोडी शिकवतच होते, मग तक्रार कसली? शिकवत होते, पण बालबोध पक्की झाल्यावर, वरच्या इयत्तांत, आणि तीही कित्त्यातली सुवाच्य मोडी. शेतकऱ्याचा मुलगा तिथवर पोचायचा तर आधी पेरणी आणि राखण यांच्या तावडीतून सुटायला हवा. जो दोन वर्षांत शाळा सोडणार, त्याला आधी काय शिकवायचे हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पुस्तके काढणाऱ्यांनी स्वतःच्या घरच्या मुलांकडे पाहून दिले. संस्कृत पाठशाळेच्या पंडितांना बालबोध ही वाचनाची स्वाभाविक सुरुवात वाटावी यात नवल नाही.

हे नंतर सुचलेले शहाणपण आहे असे म्हणायची सोय नाही, कारण एका माणसाने ते वेळीच सांगितले होते. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाची यादी आहे. तिच्या सुरुवातीलाच वाचनाबरोबर मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्यांचे लेखन आणि हिशेब येतात. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य ही त्यानंतर. मोडीचे नाव बालबोधीच्या आधी आहे. हा क्रम सहज पडला असेल असे कोणी म्हणेल, पण त्याच निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, नांगराचा रुमणा धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, अशी मागणी आहे. मांडणी सरळ आहे: शाळा कोणासाठी हे ठरले की पुस्तकात काय असावे हेही ठरते. त्याच पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरही सरकारी मराठीवर टीका करीत होते. १८७४ पासून निघालेल्या ‘निबंधमाले’तून भाषांतरित, इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनी कोरडे ओढले आणि फुल्यांच्या व्याकरणाच्या चुकाही काढल्या. चिपळूणकरांचा राग वाक्याच्या घडणीवर होता, फुल्यांचे लक्ष सावकाराच्या कागदावर. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी पहिल्या वादाला प्रकरणे दिली. माझ्या मते दुसरा अधिक मोलाचा होता.

फुल्यांची काळजी अवास्तव नव्हती. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगल सुरू झाली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. तिच्या चौकशीत पुढे आले ते असे की जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की जाळायचे. ते निमूट दिले तर बहुधा मारहाण होत नसे. न वाचता आलेल्या कागदाशी शेतकऱ्याने केलेला हा हिशेब. लिपी हे दंगलीचे कारण होते असे मी म्हणत नाही. कापसाच्या किमती उतरणे, साऱ्यातली वाढ, व्याजाचे दर, दिवाणी कोर्टांची पद्धत ही कारणे त्याहून मोठी होती, आणि मोडी येणारा शेतकरीही कर्जात बुडालाच असता. पण सरकारला त्यातून काय उमगले ते १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात दिसते. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज खेड्यातल्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तरतूद त्यात आहे. शिक्षणखाते निघून चोवीस वर्षे झाली होती, पहिल्या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत होती, आणि तरीही शेतकरी स्वतःचा कागद वाचू शकत नाही हे सरकारने कायद्यात गृहीत धरले.

मोडी पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून गेली. तिच्याबद्दल हळहळण्याचे मला फारसे कारण दिसत नाही. कारभारच देवनागरीत आल्यावर दोन लिप्यांचा भार मुलांवर टाकणे व्यर्थ होते. जे साठ-सत्तर वर्षे आधी करायला हवे होते ते अखेर झाले, फक्त उलट बाजूने: शाळा कागदाकडे गेली नाही, कागद शाळेकडे आला. जुने कागद मात्र जागेवरच राहिले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली दप्तरे उघडली गेली, तेव्हा त्यातला बराच ऐवज मोडीत निघाला आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. पदवीधर नातवंडे पणजोबांच्या नोंदीसमोर बसली आणि जाणकाराने तिचे लिप्यंतर करून देण्याची वाट पाहू लागली.