तबकडीवाल्याला काय विचारायचं?

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांच्या माना पश्चिमेकडं वळलेल्या असतात. एखादा पोरगा ओरडतो, 'दिसला!' मग त्याला मौलवीसाहेबांसमोर नेतात. ते हसत नाहीत, रागावतही नाहीत. विचारतात, बेटा, कुठं उभा होतास? चांद कुठल्या अंगाला होता? टोकं कुठं वळलेली होती? बरोबर आणखी कुणी पाहिला? चार प्रश्नांत गोष्ट निकाली निघते. पोराचा अपमान होत नाही आणि ईदही चुकीच्या दिवशी होत नाही.

उडत्या तबकड्या पाहिल्याचं सांगणाऱ्याची मुलाखत कशी घ्यावी, या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा मला हेच आधी आठवलं. मीही रेडिओवर थोड्याफार मुलाखती घेतल्यात, बहुतेक कवींच्या. कवीची उलटतपासणी केली तर तो गप्प होतो आणि नुसती वाहवा केली तर थांबतच नाही. तबकडीवाल्या पाहुण्याचंही तसंच असणार.

'तबकडी' हा शब्द कुठून आला पाहा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियर पर्वताजवळ केनेथ अर्नोल्ड हे वैमानिक आपल्या छोट्या विमानातून चालले होते. त्यांना नऊ चकचकीत वस्तू वेगानं जाताना दिसल्या. वृत्तपत्रांनी लगेच उडत्या तबकड्या करून टाकल्या. १९५० साली सीबीएस रेडिओचे एडवर्ड मरो यांच्याशी बोलताना अर्नोल्ड म्हणाले की, बशी पाण्यावर भिरकावली की टप्पे घेत जाते, तशी त्यांची चाल होती, एवढंच मी सांगितलं होतं. म्हणजे उपमा चालीची होती आणि लोकांनी ती आकाराची समजली. उपमेचा असा घात आम्हा कवींना नवा नाही. 'म्हणजे नेमकं कसं?' एवढा साधा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणी नीट विचारायला हवा होता.

नव्वदच्या दशकात नेवाडाच्या वाळवंटातून आर्ट बेल रात्रभर 'कोस्ट टू कोस्ट एएम' हा कार्यक्रम करत. श्रोत्यांचे फोन ते आधी न चाळता थेट घेत. पाहुण्याला बोलू देत, मध्ये तोडत नसत. लाखो माणसं अंधारात जागून ऐकत. ऐकण्याची ही कला मोठीच. पण नोव्हेंबर १९९६ मध्ये एका हौशी निरीक्षकानं याच कार्यक्रमात सांगितलं, हेल-बॉप धूमकेतूमागून एक प्रचंड वस्तू येते आहे. धूमकेतूच्या दोन शोधकांपैकी एक, अ‍ॅलन हेल यांनी तो साधा तारा असल्याचं दाखवून दिलं. त्याच सुमाराला 'पुरावा' म्हणून बेल यांच्याकडं एक छायाचित्रही आलं. ते प्रसिद्ध झालं जानेवारी १९९७ मध्ये. हवाई विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञांनी लगेच ओळखलं, की त्यांच्याच छायाचित्रात फेरफार केलेला आहे. छायाचित्र कुठल्या दुर्बिणीतून, कुठल्या तारखेला घेतलं, हे पाहुण्याला तिथल्या तिथं खोदून विचारलं असतं तर रात्र काही कमी रंगली नसती.

मार्च १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या एका बंगल्यात 'हेवन्स गेट' पंथाच्या ३९ माणसांचे मृतदेह सापडले. धूमकेतूबरोबर येणारं यान आपल्याला न्यायला आलंय, अशी त्यांची समजूत होती. याचं खापर एका रेडिओ कार्यक्रमावर फोडणं अन्यायाचं होईल. पंथ जुना होता आणि धूमकेतूमागं काही असो वा नसो, आम्हाला फरक पडत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. तरीही, ऐकणाऱ्यांत कोण बसलंय हे माइकसमोरच्या माणसाला कधीच कळत नाही.

मला पटलेला नमुना लास व्हेगासचे टीव्ही पत्रकार जॉर्ज नॅप यांचा. एरिया ५१ जवळ आपण परग्रहावरच्या यानांवर काम केलं, असं बॉब लाझार यांनी १९८९ साली त्यांना सांगितलं. आधी चेहरा झाकून, नाव बदलून, मग उघडपणे. नॅप यांनी त्यांना पोटभर बोलू दिलं आणि मग चौकशी केली. लाझार सांगत त्या दोन नामांकित संस्थांत त्यांच्या शिक्षणाची नोंद मिळाली नाही. मात्र लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या टेलिफोन डिरेक्टरीत नाव सापडलं. नॅप यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. गंमत अशी, की त्यानं कहाणी जास्तच रंगली. पुढं ते लाझार यांच्याकडं जरा जास्तच झुकले, असं माझं मत.

एरिया ५१ आहे, हे सीआयएच्या कागदपत्रांतून २०१३ साली उघड झालं. १९५५ पासून तिथं यू-२ या हेर विमानाच्या चाचण्या होत. साठ हजार फुटांवरून ते जाई. खाली अंधार पडलेला असताना वर त्याच्या पंखांवर ऊन चमके आणि पाहणारे हादरत. म्हणून पाहुण्याला, 'तुम्ही हे खरंच पाहिलं का?' असं विचारू नये. त्यानं पाहिलेलंच असतं. 'सूर्य बुडून किती वेळ झाला होता?' असं विचारावं.

१९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप आमच्या गच्चीवरूनही छान दिसायचा. शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणली होती. धाकट्या मुलीनं बराच वेळ डोळा लावला. मी विचारलं, मागं काही आहे का गं? ती म्हणाली, "शेपूट आहे, अब्बा. आणि तुमचा हात हलतोय."