सूर्येचे पाणी कुठे जाते?

आपले हितचिंतक अनेकदा विचारतात, "इतकी वर्षे औषधे, धान्य, वह्या पोहोचवूनही पाड्यांवरची मुले अशक्तच कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दवाखान्यात मिळत नाही. पाण्याचा पाइप कोणत्या गावाकडे न्यायचा, कालवा कुठवर खणायचा, लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरायची, हे निर्णय ज्या कागदांवर होतात तिथे ते शोधावे लागते. पालघर जिल्ह्यात असा कागद वाचायचा तर सूर्या नदीपासून सुरुवात करावी.

सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावर धामणी येथे धरण आणि त्याखाली कवडास येथे बंधारा बांधला, तो मुख्यतः शेतीसाठी. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतील सुमारे साडेचौदा हजार हेक्टर जमीन भिजावी, असा मूळ हेतू होता. धरणासाठी ज्यांची घरे आणि शेते गेली ते बहुतांश आदिवासीच. पुढे याच पाण्यावर तारापूरची औद्योगिक वसाहत आणि पालघर शहर अवलंबून राहू लागले. मग वसई-विरार आले, मग मीरा-भाईंदर. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून या दोन महानगरपालिकांसाठी दररोज 403 दशलक्ष लिटर पाणी राखले आहे: वसई-विरारला 185 आणि मीरा-भाईंदरला 218. वसई-विरारच्या वाट्याचे पाणी 2023 च्या अखेरीस सुरू झाले. कालव्याने भिजणारी जमीन मात्र ठरलेल्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाही.

आता वसईच्या आपल्या वाचकांना हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होईल. व्हायलाही हवे. पण वसईला तरी हे पाणी का लागले? 1988 साली वसई-विरारचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला झाला. बागायतीच्या विहिरींतून टँकर भरभरून जाऊ लागले, बावखले बुजली, विहिरी खाऱ्या होत गेल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसई संरक्षण समितीत आपल्यातले कितीतरी जण रस्त्यावर उतरले होते. इमारती तरीही उभ्या राहिल्याच, आणि त्यांची तहान भागवायला दूरची नदी शोधावी लागली. म्हणजे एका नियोजनाने वसईच्या विहिरी गेल्या आणि त्याच नियोजनाच्या दुसऱ्या टोकाला पाड्यांचे पाणी गेले. इसहाकाच्या विहिरींवरून गरारच्या गुराख्यांनी मांडलेले भांडण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. तिथे भांडणारे निदान समोरासमोर होते. इथे नळ सोडणाऱ्याला वरचा पाडा दिसतही नाही.

पाणी आणि कुपोषण यांचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो सरळ नाही. पाऊस संपला की एका भातपिकानंतर शेत कोरडे. कालव्याचे पाणी मिळाले असते तर हरभरा, वाल, भाजीपाला निघाला असता. ते नाही म्हणून दिवाळीनंतर कुटुंबे "जगायला" बाहेर पडतात (शब्द त्यांचाच). ती वसई, भिवंडी भागातल्या वीटभट्ट्यांवर आणि रेतीच्या कामावर जातात. आई गरोदर असली तरी जाते. गावच्या अंगणवाडीत तिचे नाव असते, पण ती तिथे नसते. 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो, पण तो गावात. लसीकरणाचा पुढचा डोस, बाळाचे वजन, लोहाच्या गोळ्या, सगळे मागे राहते. पावसाच्या तोंडावर कुटुंब परतते तेव्हा मूल हाडकुळे झालेले असते आणि घरातला दाणा संपलेला असतो. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. स्थलांतर थांबले नाही.

मागे राहणाऱ्या बायकांचेही हाल कमी नाहीत. रक्त कमी असलेली बाई दिवसातून चार खेपा हंडा वाहते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे, शहरी माणसासाठी नियोजनात 135 लिटर धरतात. हा फरक कोणत्या वैद्यकशास्त्राने ठरवला, ते समजत नाही.

बोईसरची गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. औद्योगिक वसाहतीत रस्ते, पाणी, भूखंड यांचे नियोजन महामंडळ करते. कामगार राहतात ते भोवतालच्या चाळींत, म्हणजे ग्रामपंचायतींच्या हद्दीत. शहराएवढी वस्ती आणि तिचा कचरा, गटारे सांभाळायला ग्रामपंचायतीचा तुटपुंजा निधी. आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र आणि 20,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. पण लोकसंख्या मोजली 2011 ची. त्यानंतर आलेली माणसे कागदावर नाहीत. त्यांचे आजार मात्र आहेत. सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, ती प्रक्रिया नीट होत नसल्यामुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक 93.69 निघाला, देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वाईट.

आपल्या हातात काय आहे? पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला पाणी, जमीन आणि योजनांबाबत बोलण्याचा अधिकार आहे. 2014 मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियमही केले. ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा आणि त्याची पोच कशी घ्यायची, हे शिकवणारी माणसे हवी आहेत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, वकील यांनी महिन्यातले दोन रविवार दिले तरी चालेल. दुसरे काम वसईतच आहे. यंदा दिवाळीनंतर आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतल्या वीटभट्ट्यांवर जाऊन या. सहा वर्षांखालची मुले आणि गरोदर बाया किती आहेत ते वहीत लिहा, त्यांच्याकडे माता-बाल कार्ड आहे का ते पाहा आणि ती यादी जवळच्या अंगणवाडी सेविकेकडे द्या. बाहेरगावचे मूल म्हणून तिला आहार नाकारता येत नाही. रेशनकार्ड गावचे असले तरी त्यावरचे धान्य वसईच्या दुकानातही मिळू शकते, हेही त्यांना सांगा. पुष्कळांना ते ठाऊक नसते.